खो-खो खेळणारी मुलगी आणि खेळाचं शास्त्र: सोलापुरात राहून काय शिकता येईल?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, राज्य मंडळ, मराठी माध्यम. शाळेच्या खो-खो संघात आहे. तिचा पुण्यातला मामेभाऊ आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेत 'स्पोर्ट्स, एक्सरसाइज अँड हेल्थ सायन्स' नावाचा विषय घेऊन शिकतो. दिवाळीत त्याचं पुस्तक पाहिल्यापासून हिनं ध्यास घेतलाय. ताई विचारतात: हा पी.टी.चाच तास मोठ्या नावानं आहे का? अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सोय आहे का? सोलापुरात कुठे शिकता येईल? आणि पुढे पोट भरेल का?

ताई, मी शारीरिक शिक्षण शिकवते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीची थिअरी घेते आणि मुलींच्या खो-खोचा सरावही घेते. त्यामुळे वर्गातली बाजू आणि मैदानातली बाजू, दोन्ही रोज समोर असतात. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. गणित-विज्ञान चुकवायला हा विषय घेणाऱ्यांची पहिल्या घटक चाचणीतच तारांबळ उडते. तिसऱ्याचं उत्तर: त्या नावानं तुमच्या मुलीला तो राज्य मंडळात मिळणार नाही, पण त्याचा मोठा भाग दहावीच्या पुस्तकांत विखुरलेला आहे. चौथ्याचं उत्तर लांब आहे, ते शेवटी देते.

विषयात असतं काय, ते खो-खोवरूनच सांगते. सामन्याच्या बातमीत आपण वाचतो, 'अमकीने २.१० मिनिटे संरक्षण केले.' या दोन मिनिटं दहा सेकंदांत त्या मुलीच्या मांड्यांत काय घडतं? स्नायूला आकुंचनासाठी लागतं एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, आणि त्याचा तयार साठा दोन-तीन सेकंदांचाच असतो. तो संपत असताना क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे एटीपी झटपट पुन्हा घडवणारं स्नायूतलं रसायन, मदतीला येतं. जीव तोडून पळालं तर तेही दहा सेकंदांच्या आसपास आटतं. मग ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडून ऊर्जा काढायची वेळ येते. ही वाट वेगवान आहे, पण त्यात स्नायूतली आम्लता वाढत जाते आणि पाय जड होतात. जसजसा वेळ जातो तसतसा ऑक्सिजनवर चालणाऱ्या श्वसनाचा वाटा वाढतो, आणि साधारण दीड-दोन मिनिटांच्या सलग मेहनतीत तो निम्म्याच्या घरात जातो. म्हणजे दोन मिनिटं संरक्षण करणारी मुलगी तिन्ही वाटा एकाच वेळी वापरत असते. त्यातही हुशार खेळाडू साखळीत पळताना आक्रमक दूर आहे असं दिसलं की दोन-तीन पावलं नुसती चालून घेते. प्रेक्षकांना वाटतं ती दमली. खरं तर ती फॉस्फेटचा साठा थोडासा भरून घेत असते. पूर्ण थांबलं तर साधारण अर्ध्या मिनिटात तो निम्मा भरतो.

आता आक्रमण बघा. नऊ जणींपैकी आठ पाटीवर बसलेल्या, एक पळणारी. तीन-चार सेकंद झेप, खो दिला की बसली. पुन्हा पाळी येईपर्यंत विश्रांती. हे शरीराच्या दृष्टीनं जवळजवळ वेगळाच खेळ आहे: छोटे स्फोट, मध्ये आराम. एकाच संघातल्या, एकाच मुलीला दोन डावांत दोन वेगळ्या प्रकारचा दम लागतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर सराव काय असतो? 'चला, ग्राउंडला पाच राउंड.' संरक्षणाला त्याचा काही उपयोग आहे, आक्रमणातल्या पहिल्या झेपेला फारसा नाही. असं का, हे नीट सांगता येणं म्हणजेच हा विषय.

याच धड्यात एक गैरसमज मोडून काढावा लागतो, आणि तो मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांत जास्त घट्ट आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात, तेव्हा 'लॅक्टिक ॲसिड साचलंय, पळून घालव' असं सर्रास सांगितलं जातं. लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. हृदय तर त्याचा इंधन म्हणून वापर करतं, आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज बनवतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं ठणकणं हे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचं आणि त्यांच्या दुरुस्तीचं असतं. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो तेव्हा, म्हणजे उतारावर पळताना किंवा सूर मारून जमिनीवर येताना, ते जास्त होतं.

दहावीच्या पुस्तकाबद्दल म्हटलं ते असं. राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मध्ये जीवनप्रक्रियांच्या धड्यात ग्लुकोजचं विघटन, क्रेब चक्र आणि एटीपी हे सगळं आहे. मुलं ते चक्र पाठ करतात, आकृती काढतात, गुण घेतात. ते आपल्याच मांडीत चाललंय, हे कुणी त्यांना मैदानावर उभं करून दाखवत नाही. भाग १ तर अभिकेंद्री बलानं सुरू होतो: दोरीला दगड बांधून फिरवायचा. खो-खोच्या मुलीला दगड कशाला हवा? तिला खांबाकडे न्या. पूर्ण वेगात आलेली मुलगी खांब एका हातानं धरून, शरीर आत झुकवून वळते. ४० किलो वजनाची मुलगी सेकंदाला ३ मीटर वेगानं १ मीटर त्रिज्येत वळली, तर तिला आत खेचायला ३६० न्यूटन बल लागतं. हे जवळपास तिच्या वजनाइतकं झालं. वेग ४ मीटर केला की तेच ६४० होतं. मातीवर नुसत्या तळव्यांच्या घर्षणातून एवढं बल मिळत नाही, पाय घसरतो. उरलेलं बल खांब देतो, म्हणून हात. एकदा हे गणित फळ्यावर सोडवलं की 'वळताना खाली वाक' हे मला वेगळं ओरडून सांगावं लागत नाही.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणारे मानकरी नुसते बघू नका, त्यांचे पाय बघा. पावलांतलं अंतर, गुडघ्यांतला हलका बाक, काठी कलायला लागली की कंबर कुठे सरकते. गुरुत्वमध्य पायांच्या आधाराच्या बाहेर जाऊ न देणं, एवढंच ते चाललेलं असतं. यात्रेच्या आधी कित्येक दिवस त्यांचा सराव चालतो, आणि तो सराव म्हणजे शरीराला हे सगळं न बोलता शिकवणं.

आता या विषयाचा कणा: मोजणं. ऊर्जेचे प्रकार पुस्तकात वाचून कळतात, पण मोजायला बसल्याशिवाय मूल शास्त्र शिकत नाही, माहिती शिकतं. मुलीला एक वही करून द्या. दोनशे पानी, साधी.

पहिलं मोजमाप नाडीचं. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावर दोन बोटं ठेवून. अंगठा वापरायचा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि मुलं तीच मोजत बसतात. पूर्ण एक मिनिट मोजायची. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, आणि सकाळच्या नाडीत चार हा मोठा फरक आहे. पण पळून झाल्यावर मात्र उलटं: तिथे पहिले १५ सेकंदच मोजायचे, कारण मिनिटभरात नाडी भराभर उतरते आणि तुम्ही जी संख्या लिहाल ती कुठल्याच क्षणाची नसते. एकाच गोष्टीसाठी दोन पद्धती, आणि दोन्हींना कारण. मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं की आकडा आपोआप येत नाही, तो कसा घेतला यावर तो अवलंबून असतो. पळणं थांबल्यावर लगेच, आणि बरोबर एक मिनिटानं पुन्हा, असे दोन आकडे लिहायचे. आठवड्यातून दोनदा केलं तरी सरावाच्या दोन महिन्यांत उतरण्याचा वेग बदललेला दिसतो.

सकाळची नाडी सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त आली, तर झोप कमी पडलीय, ताप येतोय किंवा सराव जास्त झालाय. अशा दिवशी मी मुलीला बसवते. स्पर्धा जवळ आली असली तरी. यावरून पालक माझ्याशी वाद घालतात, घालू देत.

'२२० वजा वय' हे सूत्र तिला कुणीतरी सांगेलच. सोपं आहे, पण ढोबळ आहे. एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. त्यावरून कुणाला आळशी ठरवू नये.

दुसरं मोजमाप संरक्षणाच्या वेळेचं, आणि इथे एक गंमत आहे. एका सामन्यात तिनं १.५० मिनिटं संरक्षण केलं, दुसऱ्यात २.१०. सरासरी किती? मुलं कॅल्क्युलेटरवर आकडे टाकतात आणि १.८० सांगतात. एक मिनिट ऐंशी सेकंद! बातमीतला २.१० हा दशांश अपूर्णांक नाही, ती मिनिटं आणि सेकंद आहेत. सेकंदांत करा: ११० आणि १३०, सरासरी १२०, म्हणजे बरोबर दोन मिनिटं. एकक न बघता सरासरी काढली की हुशार मुलंही फसतात. आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या त्या विषयात सरासरीच्या पुढे जाऊन प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते), दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा, हे सगळं येतं. त्याची पायरी नववीच्या सांख्यिकीच्या धड्यातच आहे.

शाळेत खेलो इंडियाची शारीरिक क्षमता चाचणी झाली असेल तर ते आकडेही वहीत उतरवून घ्या: ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, पुश-अप. बीएमआयबद्दल, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल, एक सूचना. १८.५ ते २५ ही पट्टी मोठ्यांची आहे. चौदा वर्षांच्या मुलीचा बीएमआय वयाच्या तक्त्यावर बघायचा असतो. मोठ्यांची पट्टी लावून मुलीला 'अंडरवेट' म्हणणारे आणि तिच्या मागे तुपाची वाटी घेऊन लागणारे, दोघेही थांबले पाहिजेत.

तिसरं मोजमाप सोलापूरचं खास. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला टेकतो आणि हवा कोरडी असते. कोकणातल्या मुलांचा शर्ट घामानं निथळतो. आपल्याकडे घाम दिसायच्या आत वाळतो, म्हणून मुलं सांगतात, 'मॅडम, मला घामच येत नाही.' शर्टावरचे पांढरे मिठाचे चट्टे बघा. घाम आला होता, उडून गेला. आणि तो उडतो म्हणूनच शरीर थंड राहतं. त्यामुळे कोरडी हवा एका अर्थानं मदतीची आहे, पण किती पाणी गेलं याची खबर ती देत नाही. ती खबर वजनकाटा देतो. सरावाआधी वजन घ्यायचं, सराव झाल्यावर अंग पुसून, जवळपास तेवढ्याच कपड्यांत पुन्हा. समजा आधी ४०.० किलो, नंतर ३९.४, आणि मध्ये तिनं ३०० मिली पाणी प्यायलं. म्हणजे घाम गेला ९०० मिली, आणि शरीरातली तूट ६०० ग्रॅम, दीड टक्का. तूट दोन टक्क्यांच्या पुढे गेली की दम आणि लक्ष दोन्ही घसरतं; या मुलीसाठी ती रेघ ८०० ग्रॅमवर आहे. पाण्याबरोबर मीठही जातं, तेव्हा तासाभराहून लांब सरावाला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा मीठ घातलेलं ताक पुरे. रंगीत बाटल्यांवर पैसे घालवायची गरज नाही.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून उन्हाळी शिबिराच्या पहिल्या दिवशी पूर्ण सराव घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे मुलगी पाठवू नका. आणि हे लक्षात ठेवा: उन्हात मूल अडखळायला किंवा असंबद्ध बोलायला लागलं तर तो नुसता थकवा नाही. सावलीत न्यायचं, अंगावर भरपूर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. आधी थंड करणं, मग नेणं.

आता जे ताईंनी विचारलेलं नाही, पण मुलीच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. दहा जणींत सहा. संघ बारा जणींचा असतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. हिमोग्लोबिन कमी म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारं कमी, म्हणजे वर सांगितलेली तिसरी वाटच अरुंद. मग ती मुलगी राउंड मारून मारून दम वाढवायला बघते आणि आणखी थकते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. या वयाच्या मुलीला १२ ग्रॅमच्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवायचं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती बऱ्याच मुली मळमळतं म्हणून गुपचूप फेकतात. उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच. डबा खाल्ल्यावर घ्यायला सांगा.

आपलं जेवण मुळात खेळाडूला चांगलं आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी, वाटीभर डाळ. भाकरीत कर्बोदकं आहेत, शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत. ज्वारीत लोहही आहे, पण धान्यातलं लोह शरीर कंजूषपणे घेतं. त्याच ताटात लिंबू पिळलं तर ते घेणं वाढतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती खाऊन मुली सरावाला येतात. तो चहा तासभर पुढे ढकलला तरी फरक पडतो.

दुसरी गोष्ट पाळीची. भरपूर सराव आणि कमी खाणं अशी जोडी झाली की शरीर पाळी थांबवून काटकसर करतं. कित्येक मुलींना, आणि खरं सांगायचं तर काही प्रशिक्षकांनाही, हे सोयीचं वाटतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेवर एकत्रित निवेदन काढलं, कारण त्यात हाडं ठिसूळ होतात, इजा वाढतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. सीबीएसईच्या बारावीच्या पुस्तकात यावर धडा आहे आणि तो वर्गात घाईघाईनं उरकला जातो. मी उरकत नाही. मुलगेही बसलेले असतात, बसू देत.

गुडघ्याचंही सांगून टाकते, कारण खो-खोत पाटीवर बसणं-उठणं सतत असतं. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यावर दुखायला लागतं आणि तिथे टेंगूळ आल्यासारखं दिसतं. हाडं भराभर वाढतात, स्नायूबंध मागे राहतो आणि ओढ सगळी त्या जागेवर येते. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. घाबरायचं कारण नाही, सराव कमी करून, मांडीचे स्नायू ताणून ते बहुधा वाढ थांबली की जातं. मात्र तिथे चोळू नका, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. ताज्या मुरगळीवरही चोळणं नकोच.

या विषयाच्या नावात 'हेल्थ' आहे, त्याकडे मुलं कानाडोळा करतात. सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांत बायका विड्या वळतात: मांडी घालून, मांडीवर सूप, मान तासन् तास खाली. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं प्रकल्पासाठी आपल्या आईची आणि शेजारणींची मान-पाठदुखी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारून नोंदवली. मग दर अर्ध्या तासानं उठून दोन मिनिटं मानेचे-खांद्यांचे व्यायाम करायला लावले आणि पुन्हा नोंदवली. बायका आधी हसल्या. नंतर एकीनं विचारलं, उठलं की विड्या किती कमी होतात ते मांडलंस का? मोबदला हजार विड्यांच्या हिशेबानं मिळतो, तेव्हा प्रश्न रास्त होता, आणि प्रकल्पात तो रकाना वाढवावा लागला. माझ्या मते ते पान अख्ख्या वहीत सगळ्यात शास्त्रीय होतं.

आता बोर्डांचं, थोडक्यात. पुण्याचा मामेभाऊ शिकतो तो आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या (आयबी) अकरावी-बारावीच्या पातळीवरच्या डिप्लोमा कार्यक्रमातला, भौतिक-रसायन-जीवशास्त्राच्या रांगेत बसणारा विषय आहे. नव्या अभ्यासक्रमात त्याचे तीन गठ्ठे आहेत: व्यायामाचं शरीरशास्त्र व पोषण, जैवयांत्रिकी (हालचालींमागच्या बलांचं शास्त्र), आणि क्रीडा मानसशास्त्र व कौशल्य. शिवाय स्वतः प्रश्न ठरवून प्रयोग करून अहवाल लिहावा लागतो. चांगला विषय आहे. फी लाखांत असते. एका विषयासाठी घर-गाव बदलावं इतका तो वेगळा आहे असं मला वाटत नाही. भावाचं जुनं पुस्तक मात्र मागून घ्या. इंग्रजी सुरुवातीला जड जाईल, आकृत्या जाणार नाहीत.

सीबीएसईत अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण हा ऐच्छिक विषय आहे, ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा. पोषण, चाचणी व मापन, शरीरक्रिया व इजा, जैवयांत्रिकी, मानसशास्त्र, प्रशिक्षण असे घटक आहेत. विज्ञान शाखेबरोबरही घेता येतो. शाळा निवडताना एवढंच विचारा: तो विषय शिकवायला स्वतंत्र शिक्षक आहे का, आणि प्रात्यक्षिकाची नोंदवही मुलं खरंच मैदानावर भरतात की वर्गात बसून उतरवतात? उत्तर चाचरत आलं तर समजून जा.

राज्य मंडळात 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' अकरावी-बारावीला सक्तीचं आहे, पण त्याला श्रेणी असते, टक्केवारीत ते धरत नाहीत. म्हणून ना शाळा मनावर घेते, ना पालक. तुमच्या मुलीनं राज्य मंडळातच राहावं असं मी सुचवेन: अकरावीला विज्ञान, आणि त्यात जीवशास्त्र हवंच. गणितही ठेवता आलं तर ठेवा, जैवयांत्रिकीला ते लागतं.

पोटापाण्याचं. दोन गोष्टींची गल्लत करू नका. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना असलेलं ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीला मिळणारे वाढीव क्रीडागुण हे खेळून, ठराविक पातळीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं मिळवून मिळतात. हा विषय शिकून नाही. ती प्रमाणपत्रं तिनं जपून ठेवावीत, पण तो वेगळा हिशेब.

शिकण्याच्या वाटा पाहायच्या तर सगळ्यात भक्कम वाट मला फिजिओथेरपीची वाटते. साडेचार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश 'नीट'मधून, बारावीला भौतिक-रसायन-जीवशास्त्र हवं. खेळाडूंचं काम मिळालं नाही तरी गुडघे-कंबर दुखणारी माणसं सोलापुरात काही कमी नाहीत. दुसरी आहारशास्त्राची. तिसरी प्रशिक्षकाची: पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका प्रशिक्षकांत मानाची समजली जाते, मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठातही क्रीडा प्रशिक्षणाची पदवी आहे. चौथी माझी, शिक्षिकेची: पदवी आणि मग शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठीचं दोन वर्षांचं बी.पी.एड. पुण्यात आगाशे महाविद्यालय आहे, अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई संस्था आहे. पण या चौथ्या वाटेबद्दल गोड बोलणार नाही. अनुदानित शाळांतल्या जागा तुटपुंज्या, आणि बी.पी.एड. होऊन तासिका तत्त्वावर दिवस काढणारी मुलं मी रोज बघते. ज्यांना शिकवल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनीच इकडे यावं.

मोठ्या संघांबरोबर काम करणारे व्यायामशास्त्रज्ञ, कामगिरी विश्लेषक वगैरे नोकऱ्या आहेत, वाढतही आहेत, पण त्या मुख्यतः महानगरांत आहेत आणि त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं. नववीत त्यावर डोळा ठेवून निर्णय घ्यायची घाई नको. बारावीला जीवशास्त्र असलं की फिजिओथेरपी, आहारशास्त्र, क्रीडाविज्ञान आणि बी.पी.एड., सगळे अर्ज भरता येतात. ते सोडलं की यातला पहिला अर्ज बाद होतो. मुलीचं रसायनशास्त्र कच्चं असेल तर शिकवणी त्याची लावा, खो-खो बंद करून नव्हे. सराव सकाळी सातच्या आत उरकला तर दोन्ही बसतं.